नाव कुणाचं घालायचं?

बाळंतविड्यात काय असावं याची यादी प्रत्येक घराची वेगळी. तरी झबली, टोपडी, लंगोट, लाळेरी, दुपटी आणि एक कुंची एवढं बहुतेक याद्यांत सापडतंच. माझ्या लेकीची कुंची माहेरहून आली. खणाची, जरीच्या काठाची, खालच्या कडेला मण्यांची झालर असलेली. सासरकडून काय द्यायचं यावर मात्र आमच्या करावेच्या घरात दोन आत्यांचा वाद रंगला. थोरली आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. धाकटी म्हणजे माझी नणंद, बाळाची आत्या. दोघीही शिवतात, दोघींचंही मशीनवर प्रेम आहे, आणि बाळाला आपल्या हातचंच द्यायचं यावर दोघींचं एकमत आहे. वाद त्याच्या पुढचा.

करावे हे नेरूळ आणि बेलापूरच्या मधलं आगरी-कोळ्यांचं गाव. नवी मुंबई वसवणारी सिडको 1970 साली स्थापन झाली. त्यानंतर भातखाचरं संपादनात गेली, भोवती सेक्टर उठले, गावठाणात घराला घर लागलं. खाडी पाम बीच रस्त्याच्या पलीकडे राहिली. थोरली आत्या शिवण शिकली ती पायमशीनवर. धाकटीकडे कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं घरगुती मशीन आहे, 20 बाय 20 सेंटिमीटरची फ्रेम बसणारं. बाळ जन्माला आल्यापासून बारशापर्यंत त्या दोघी माझ्या खोलीच्या दारात बसून बोलत होत्या आणि मी बाळाला पाजत ऐकत होते. थोरल्या आत्या घरात आगरी बोलतात. इथे त्यांचं बोलणं बरंचसं प्रमाण मराठीत उतरवलं आहे.

धाकटी: दुपट्याच्या कोपऱ्यात तिचं नाव घालणार आहे. देवनागरीत, वेलांटीच्या टोकाला एक पान काढून. बारशाला नाव मीच ठेवणार, मग ते मीच भरून दिलं तर बिघडलं काय?

थोरली: नाव पाळण्यात ठेवायचं, बाय. कानात कुर्र करायच्या आधी ते कापडावर चढलं आणि चार जणींनी वाचलं, तर बारसं कशाला करायचं?

धाकटी: मग त्याच दिवशी भरते. फाइल तयार ठेवते. नाव ठेवलं की फ्रेम लावते, पंगत उठायच्या आत दुपटं हातात.

थोरली: तरी नको. दुपटं काय एकटीचं असतं? तुझ्या भावाची दुपटी तू वापरलीस. तुझी पुढे काकाच्या पोराने. तीच धुऊन-धुऊन मऊ झाली म्हणून तर सगळ्यांना हवी होती. आता त्यावर एकाचं नाव असतं तर दुसऱ्याच्या आईने ते आपल्या पोराच्या अंगावर घातलं असतं का?

धाकटी: आता कोण कुणाची दुपटी वापरतं, आत्या? सगळ्यांना नवंच लागतं. आणि एक तरी वस्तू तिची स्वतःची असू दे ना. मोठी झाली की उघडून बघेल.

थोरली: बघायला फोटो आहेत. दुपटं अंगावर घ्यायला.

नवजात बाळाला जुन्या सुती साडीचे कपडे का घालतात, हे मला बाळंतपणात नीट कळलं. नव्या कापडाला खळ असते, रंग कच्चा असतो, शिवणीची कड टोचते. कित्येकदा धुतलेल्या पातळाला यातलं काहीच उरलेलं नसतं. शिवाय बाळ महिन्याभरात मापाबाहेर जातं, म्हणजे झबल्याचं आयुष्य बाळापेक्षा लांब असतं. घराघरातून फिरणं हा त्याचा स्वभावच आहे. नावाने तो मोडतो, हे थोरल्या आत्याबाईंचं म्हणणं मला पटलं. नणंदेला पटलं नाही, आणि तिची बाजूही उडवून लावण्यासारखी नव्हती.

धाकटी: माझ्या बारशाचं काय आहे सांग बरं घरात? एक पैंजण, तेही मोडीत घातलं. माझ्यासाठी म्हणून कुणी बसून काढलेलं एक फूलसुद्धा नाही. मला हिला ते द्यायचंय. बाजारात तयार डिझाइन ढिगाने मिळतात. अस्वल, मुकुट, ढगावर झोपलेला चंद्र. त्यातलं एक उचलून मशीनला दिलं असतं तर तुझं ऐकलं असतं. हे पक्ष्याचं डिझाइन मी स्वतः काढलंय.

थोरली: काढलंस तू. टाके कुणी घातले?

धाकटी: तूही मशीनवरच भरायचीस ना?

थोरली: भरायचे की. फूट काढून टाकायची, दाते खाली करायचे आणि फ्रेम दोन्ही हातांनी सुईखाली फिरवायची. पाय थांबला की सुई थांबली, हात घाईत गेला की दोरा तुटला. सुई वर-खाली करणं एवढंच मशीनचं काम. पान कुठे वळवायचं ते माझ्या मनगटाला माहीत. तुझं मशीन तर तू चहा टाकून येईस्तोवर पक्षी काढून ठेवतं.

धाकटी: त्या पक्ष्याला 12,000 टाके आहेत. मिनिटाला 600 म्हटले तर 20 मिनिटांत होतो, खरं आहे. पण मशीनला पक्षी दिसत नाही. टाका कुठे घालायचा, कुठल्या दिशेने, किती दाट, हे एकेक मला सांगावं लागतं. पंचिंग म्हणतात त्याला. ये, दाखवते.

मीही बाळाला खांद्यावर घेऊन बघायला गेले. डिझाइन होतं फ्लेमिंगोचं. आपल्याकडे त्याला रोहित म्हणतात. पडद्यावर त्याची मान होती, ‘दोन’च्या आकड्यासारखी वळलेली. सगळे टाके एकाच दिशेने घातले तर वळणावर मान कापल्यासारखी दिसते, म्हणून नणंदेने मानेच्या आत आडव्या रेषा टाकून टाक्याची दिशा वळणाबरोबर हळूहळू फिरवली होती. वरचे चकचकीत सॅटिनचे टाके घालण्याआधी खाली विरळ टाक्यांचा एक थर घ्यावा लागतो, नाहीतर ते कापडात रुततात. ओळींमधलं अंतर साधारण 0.4 मिलिमीटर. दोरा ताणला जातो तसा कापडाला आत ओढतो, त्यामुळे पडद्यावर काढलेला गोल कापडावर अंडाकृती होतो. म्हणून पडद्यावर तो ओढीच्या दिशेने थोडा जास्तच रुंद काढायचा. पाय तर फारच बारीक. एक मिलिमीटरपेक्षा अरुंद सॅटिन घातलं तर टाके एकावर एक चढतात आणि दोरा तुटतो. तिथे तिने सॅटिन सोडून साधा धावदोराच घेतला, त्याच रेषेवरून तीनदा नेलेला. गुडघ्यासारखा दिसणारा सांधा दाखवायला तिथे फक्त दोन टाके आडवे.

आत्याबाईंनी चष्मा पुढे सरकवून ते सगळं पाहिलं. मग पडद्यावरच्या सांध्याला बोट लावलं.

थोरली: हे बरं जमलंय. पण फ्लेमिंगोच का? आमच्या लहानपणी खाडीत बोईट होती, चिंबोऱ्या होत्या, बगळे होते. हे गुलाबी पाहुणे एवढ्या संख्येने कुठे होते?

धाकटी: हिच्या लहानपणी आहेत ना. हिवाळ्यात ही गच्चीवरून तेच बघणार.

त्यावर आत्याबाई काही बोलल्या नाहीत. मुंबईच्या खाडीत फ्लेमिंगोंचे मोठे थवे दिसू लागले ते नव्वदच्या दशकात. ठाणे खाडीतलं अभयारण्य 2015 साली जाहीर झालं आणि 2022 साली ते महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलं. करावेजवळ टी. एस. चाणक्य या नौप्रशिक्षण संस्थेच्या बाजूच्या पाणथळीत फ्लेमिंगो दर मोसमात उतरतात. पाणथळ बुजली तर ते जातील, ही धास्ती गावात सगळ्यांनाच आहे. बाळाच्या दुपट्यावर आपल्या खाडीतला पक्षी असावा, ढगावरचा परका चंद्र नको, या नणंदेच्या हट्टाला माझा पूर्ण पाठिंबा होता आणि आहे.

हाताचं काम कुठे संपतं आणि यंत्राचं कुठे सुरू होतं हा प्रश्न तसा नवा नाही. फ्रान्समधल्या म्युलूजच्या जोझ्युए हाइलमनने 1828 साली भरतकामाचं यंत्र केलं. त्यात कामगार मोठ्या काढलेल्या नमुन्यावरून एक काटा फिरवायचा आणि पलीकडे कितीतरी सुया एकदम तोच नमुना लहान करून भरायच्या. पुढे 1863 मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्लीने शिफ्ली यंत्र काढलं. तेव्हापासून आकार ठरवणारा माणूस आणि टाका घालणारी सुई यांच्यातलं अंतर वाढतच गेलं. नणंदेच्या खोलीत मला दिसलं ते असं, की अंतर वाढलं म्हणून विचार कमी झाला नाही. उलट टाक्यागणिक विचार आधीच करून ठेवावा लागतो, कारण सुई सुरू झाली की मनगटाला सावरून घ्यायची संधी नसते. आत्याबाईंना हे मान्य नाही. सावरून घेता येतं तेच हातकाम, असं त्या म्हणतात.

आणि मग त्यांनी तयार झालेलं पहिलं दुपटं हातात घेतलं, पक्षी न बघता ते उलटं केलं आणि मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला.

थोरली: हे बघ. हे तिच्या गालाला लागणार.

अंगठ्याखाली पांढऱ्या बॉबिनच्या दोऱ्याच्या ताठ कडा होत्या. रंग बदलताना कापलेल्या दोऱ्यांची टोकं होती. मशीनवर कापड ताठ राहावं म्हणून खाली लावलेला कागद सॅटिनच्या कडेने फाडून काढला होता, त्याची खरखरीत किनार टाक्यांत अडकून राहिली होती. समोरून रोहित पक्षी सुंदर होता. मागून तेच दुपटं कुठल्याही बाळाला नकोसं व्हावं असं.

धाकटी: मागून मऊ अस्तर लावता येतं. विरघळणारा कागद मिळतो, तो पाण्यात जातो.

थोरली: कागद जाईल, दोरा कुठे जाईल? मलमल किती पातळ, त्यावर एवढे दाट टाके. दोन धुण्यांत कापड मऊ होईल, पक्षी तसाच कडक राहील. आणि ही सुटी टोकं पायाच्या बोटात गुंतली तर?

हे शेवटचं म्हणणं घाबरवण्यासाठी नव्हतं. सुटा दोरा किंवा केस बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा अडू शकतो. बाळ रडत राहतं आणि कारण सापडत नाही. बालरोगतज्ज्ञ अशा वेळी मोजे काढून बोटं तपासायला सांगतात. पण नणंदही गप्प बसणाऱ्यांतली नाही.

धाकटी: मग वहिनीच्या माहेरच्या कुंचीचं काय? जर टोचते, मणी सुटले की थेट तोंडात. ती चालते, कारण ती परंपरा!

थोरली: ती बारशाला घालायची, फोटो काढायचा, काढून ठेवायची. रोज घालायला कुणी सांगितलंय? तू दुपटं रोजचं देतेयस. रोजच्या वस्तूला रोजचा नियम.

इथे मी मध्ये पडले. कुंचीचे मणी उसवून ठेवते असं मी सांगितलं आणि ते त्याच दुपारी केलंही. दाट भरतकाम असलेली वस्तू बाळाच्या अंगाला लागू नये, एवढं त्या दिवशी ठरलं. ते भरतकाम पिशवीवर असावं, भिंतीवरच्या तोरणावर असावं, पाळण्याच्या बाहेरच्या पडद्यावर असावं. नणंदेने नाव भरलं ते पिशवीवरच. औषधं, लंगोट आणि लसीकरणाचं कार्ड ठेवायच्या पिशवीवर नाव असणं सोयीचंच आहे. दवाखान्यात ती कुणाची हे विचारावं लागत नाही.

दुपट्यावरचा पक्षी मात्र तिने सोडला नाही. टाके कमी करायचे तर रंग कापडानेच भरायचा, म्हणजे अ‍ॅप्लिक. मशीनवर ते असं होतं. पहिल्या धावेत सुई नुसती बाह्यरेषा काढते. त्यावर रंगीत कापडाचा तुकडा ठेवायचा. दुसऱ्या धावेत मशीन तो टाचतं. मग फ्रेम न सोडवता वाकड्या कात्रीने कडेलगत जास्तीचं कापड छाटायचं. तिसऱ्या धावेत फक्त कडेवर सॅटिन. आतला भाग सगळा मऊ कापडाचा. हजारो टाके वाचतात आणि अंगठ्याला टोचण्यासारखं फारसं उरत नाही.

ही कल्पना तर फार जुनी. ओडिशातल्या पिपिलीचे कारागीर जगन्नाथपुरीच्या रथांसाठी कापडावर कापड बसवून छत्रं आणि चांदवे करत आले. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांचे तुकडे कडेपासून आत जोडत कवंदी शिवतात आणि चारही कोपऱ्यांत दुमडलेल्या चिंध्यांची फुलं बसवतात. आपल्या गोधडीला आणि वाकळेला तर वरचा थर बहुतेक तुकड्यांचाच. तेव्हा अ‍ॅप्लिकवर आत्याबाईंचा आक्षेप असायचं कारण नव्हतं. आक्षेप आला तो कापडावरून.

धाकटी: आजीचं गुलाबी लुगडं आहे ना पेटीत, त्यातून पक्षी कापते.

थोरली: त्या लुगड्याला कात्री लावायची नाही. ते गोधडीत जाणार आहे. अख्खं जाईल, ऊब देईल. तुला तळहाताएवढा तुकडा पाहिजे आणि तो मधूनच पाहिजे. बाकीच्या चिंध्या कोण जोडणार?

धाकटी: पदराच्या टोकाचं घेते. तिथे तसंही विरलंय.

थोरली: विरलेलं टाक्याला टिकेल?

धाकटी: मागून पातळ कापड चिकटवून टिकवते. आत्या, गोधडीत गेलं की ते थराखाली जाईल. कुणाला दिसणार ते आजीचं आहे म्हणून?

थोरली: मला दिसेल.

शेवटी तुकडा मिळाला, पण एक अट घालून. दुपट्याचं नवं कापड आधी दोनदा धुवायचं. जुनं लुगडं आटायचं तेवढं आटून झालेलं असतं, नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं. तसंच शिवलं तर पक्ष्याभोवती कापड गोळा होतं, आणि इस्त्रीने ते जात नाही. रंग जातो का तेही पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून बघायचं. हे ज्ञान नणंदेच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं. आत्याबाईंनी ते सांगितलं आणि नणंदेने मुकाट्याने कापड बादलीत टाकलं. दुसऱ्या खेपेचं दुपटं उलटं करून अंगठा फिरवला तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, “चालेल.” त्यांच्या तोंडून हे प्रशस्तिपत्रकच.

पण त्या वादात मला माझा मुद्दा सापडला तो “मला दिसेल” या दोन शब्दांत. आमच्या घरात जुन्या गोधड्या आहेत. आत्याबाई हाताने चाचपडून सांगतात, ही माझ्या आयची, तिचा टाका तिरका पडायचा. ही चुलतीची, ती कोपऱ्यात दोरा दोनदा फिरवायची. ही माझी. त्यांच्यानंतर हे सांगणारं कुणी नाही. माझा नवरा याच गोधड्यांत वाढला, त्यालाही ओळखता येत नाहीत. एवढं काम आणि कुठेही नाव नाही. घेणाऱ्याचं नाव घालायचं का यावर आपण भांडतो, करणारीचं घालायचं का हे मात्र कुणी विचारतच नाही.

मी ते दोघींपुढे मांडलं. दुपट्याच्या, गोधडीच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, शिवणारीचं नाव आणि साल. बाळाचं नाव घातलं की वस्तू एकाची होते. करणारीचं नाव घातलं तर ती कितीही घरं फिरली, दहाव्या बाळापर्यंत गेली, तरी त्या नावाला बाध येत नाही.

धाकटी: मला आवडेल. चित्रकार सही करतोच की.

थोरली: माझं नाव कशाला? मी काय दुकान मांडलंय? घरच्यांसाठी केलं, घरच्यांना माहीत आहे.

मी विचारलं, “आत्याबाई, तुमच्या आजीच्या हातची एक तरी गोधडी घरात असेल. कुठली ती?”

थोरली: ते आता कसं सांगू?

त्या थोडा वेळ गोधडीच्या कडेवरचे टाके बघत राहिल्या. मशीनवर नाव घालायला त्या अजूनही तयार नाहीत, लाल दोऱ्याने हाताने घालतील म्हणाल्या. आणि म्हणाल्या, माझं घालीन तर आयचंही घालीन, लुगडं तिचं आहे. नणंदेचं म्हणणं अजूनही तेच आहे, की बाळाची एक वस्तू तरी बाळाच्या नावाची हवी. टॉवेलवर ती ते भरणारच आहे. त्यांचा हा वाद मिटावा अशी माझी इच्छाही नाही. दुपट्याची उलटी बाजू त्या वादामुळेच सुधारली.

माझं मागणं फक्त करणाऱ्या हातांकडे आहे. तुम्ही घरच्यांसाठी काही शिवत असाल, कॉम्प्युटरच्या मशीनवर, पायमशीनवर किंवा नुसत्या सुईने, तर ते देण्याआधी उलटं करा, अंगठा फिरवून बघा आणि आतल्या कोपऱ्यात तुमचं नाव व साल पक्क्या दोऱ्याने घाला. आई, आत्या, आजी यांच्या हातच्या वस्तू कपाटात असतील तर त्या आज बाहेर काढा, कुणी केल्या ते त्यांनाच विचारा आणि त्यांच्यासमोरच तिथे नाव घाला.